अर्ध्या इंचाचा मालक कोण?

घर वाढवताना खिडकीपोटी आपण पैसे मोजतो ते काचेचे, ॲल्युमिनियमच्या जाडीचे, जाळीचे आणि कडीचे. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंनी जी बोटभर फट राहते, तिच्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ नसते. इंदुरात रामबागेतल्या आमच्या जुन्या घरावर एक खोली चढवायची आणि जिन्यातल्या अंधारावर उपाय म्हणून छतातून उजेड घ्यायचा असे ठरले, तेव्हा काम तीन माणसांत वाटले गेले. भिंत गवंड्याची, चौकट ॲल्युमिनियमच्या खिडक्या घडवणाऱ्या फॅब्रिकेटरची आणि रंग रंगाऱ्याचा. फट मात्र कुणाचीच नव्हती. गवंडी म्हणे, "वो तो एल्युमिनियम वाला भरेगा." फॅब्रिकेटर म्हणे, "साब, हम सिलिकॉन मार देंगे, बाकी मिस्त्री का काम है." रंगाऱ्याला या वादाशी कर्तव्य नव्हते, तो येईल तेव्हा जे उघडे दिसेल ते पुट्टीने झाकणार होता, आणि पुट्टी वाळली की चांगले काम व वाईट काम दिसायला सारखेच. त्यामुळे जे काही पाहायचे ते गिलावा आणि पुट्टी यांच्यामधल्या मोजक्या दिवसांतच पाहून घ्यावे लागते.

थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही सारे भाऊजी म्हणतो, राज्याच्या जलसंसाधन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. कालव्यांच्या आणि बंधाऱ्यांच्या कामावर आयुष्य गेल्यामुळे पाण्याशी भांडण्यात अर्थ नसतो, अशी त्यांची ठाम समजूत आहे. कामावर आल्या आल्या त्यांनी खिडकीकडे पाहिले आणि म्हणाले, "पाणी आत येणारच असं धरून चाल. मग ते बाहेर कुठून जाणार, तेवढंच शोध." पुढच्या सगळ्या तपासणीला हे एक वाक्य पुरले. जी खिडकी पाण्याला आत येऊच द्यायचे नाही अशा भिस्तीवर बसवलेली असते, ती पहिल्या वर्षी कोरडी राहते आणि तिसऱ्या वर्षी गळते. जी खिडकी थोडे पाणी आत घेऊन ते मुकाट बाहेर सोडते, ती टिकते.

खालच्या मजल्यावरच्या जुन्या सागवानी खिडक्यांना ही फट नव्हती, कारण त्या काळी चौकट आधी उभी करीत, ओळंब्यात घेऊन तिला टेकू देत आणि मग दोन्ही अंगांनी विटांचे थर चढवत नेत. चौकटीच्या पाठीवर ठोकलेले लोखंडी होल्डफास्ट, म्हणजे पकडपट्ट्या, त्या थरांत चिणले जात. धातूच्या खिडकीचा न्याय वेगळा आहे. दारे, खिडक्या व झरोके यांच्या धातूच्या चौकटी बसवण्याविषयीचे भारतीय मानक १०८१ हे १९६० सालचे आहे, आणि त्याचे सांगणे उलट आहे: भिंत बांधताना चौकट आत चिणू नये, जागा मोकळी सोडावी आणि चौकट नंतर बसवावी. यामागे कारणेही आहेत. ओल्या सिमेंटमधला क्षार ॲल्युमिनियमला खातो आणि त्यावर न निघणारे पांढुरके डाग पडतात. शिवाय धातू तापला की वाढतो. दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी जानेवारीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत चाळीस अंशांनी तापली, तर जवळजवळ दोन मिलिमीटर लांबते. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, तेवढीच पट्टी पाच मिलिमीटरच्या आसपास लांबते. म्हणजे फट असणे हा दोष नव्हे. चौकट ठोकून घट्ट बसवलेली असणे हा दोष आहे, आणि फट सिमेंटच्या मालाने कडक भरलेली असणे हाही दोषच.

पहिली पाहणी मोजपट्टीची. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून देता येतो, त्याहून अधिक असेल तर चौकट तिरकी बसली आहे आणि पुढे कितीही रोलर बदलले तरी पल्ला घासतच राहणार. ओळंबा उभ्या पट्टीला दोन दिशांनी लावायचा असतो, भिंतीच्या रेषेत आणि भिंतीला काटकोनात. बहुतेक मिस्त्री पहिलाच लावतात आणि चौकट आतल्या किंवा बाहेरच्या अंगाला झुकलेली आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही. सरकता पल्ला मधोमध सोडून हात काढून घ्यावा. तो आपण होऊन एका बाजूला निघाला तर खालची पट्टी पाणसळीत नाही. पल्ला बंद करताना उभी फट वरपासून खालपर्यंत सारखी मिटते का, की वर मिटून खाली उघडी राहते, हे नुसत्या डोळ्यांनी कळते. अशा तपासणीला फॅब्रिकेटर फारशी हरकत घेत नाहीत. मोजपट्टी दिसली की उलट त्यांच्या बोलण्यातला "हो जाएगा" कमी होतो, असे मला दिसले.

खरी गोम मात्र खालच्या पट्टीत असते. सरकत्या खिडकीची खालची पट्टी म्हणजे दोन-तीन रुळांची उथळ पन्हळ असते. वाऱ्याबरोबर आलेले पावसाचे पाणी तिच्यात साठते आणि बाहेरच्या अंगाला पाडलेल्या निचऱ्याच्या भोकांतून निघून जाते, निदान तशी अपेक्षा असते. इंदूरच्या पावसाळ्यात नैर्ऋत्येचा आणि पश्चिमेचा वारा पाऊस आडवा आणतो, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीला या भोकांखेरीज तरणोपाय नाही. आमच्याकडे चार खिडक्यांपैकी दोहोंची भोके गिलाव्याच्या वेळी मालाने बुजलेली होती, एकीची भोके फॅब्रिकेटरच्या पोऱ्याने मोठ्या निष्ठेने सिलिकॉनने बंद केली होती, कारण त्याच्या मते भोक म्हणजे गळती, आणि चौथीला भोके पाडलेलीच नव्हती. ही तपासणी कुणालाही करता येते: तांब्याभर पाणी पन्हळीत हळूहळू ओतायचे आणि खाली वाकून पाहायचे. पाणी मिनिटाभरात बाहेरच्या भिंतीवर दिसले पाहिजे. ते पन्हळीत तसेच उभे राहिले तर भोके बंद आहेत. ते नाहीसे झाले, पण बाहेर कुठेच दिसले नाही, तर गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ते भिंतीत उतरते आहे.

भिंतीत उतरायला त्याला दोन वाटा असतात. एक म्हणजे पट्टीचे कोपरे. आडवी आणि उभी पट्टी जिथे जुळते तो सांधा कारखान्यात किंवा निदान जमिनीवर चौकट आडवी असतानाच आतून सीलंटने बुजवायचा असतो. एकदा चौकट भिंतीत उभी राहिली की तिथे नळीचे तोंड पोचत नाही. दुसरी वाट म्हणजे खालच्या पट्टीतून थेट सिलमध्ये, म्हणजे खिडकीच्या बुडाशी असलेल्या कट्ट्यात, मारलेले स्क्रू. साठलेल्या पाण्याच्या तळालाच भोक पाडून त्यात लोखंडी स्क्रू घालणे ही गोष्ट सांगताना हास्यास्पद वाटते, पण मी पाहिलेल्या नव्या घरांपैकी बहुतेकांत हेच केलेले असते. अशा खिडकीखाली ओल दिसते ती नेमकी मधोमध किंवा खालच्या कोपऱ्याशी. आधी रंगाला फोड येतो, मग पोपडा सुटतो आणि त्याखाली क्षाराची पांढरी भुकटी जमते. घरमालक रंगाऱ्याला बोलावतो आणि रंगारी डॅम्पप्रूफचा हात मारून जातो.

सिलच्या दगडाचीही कथा अशीच. इंदुरात आता खिडकीला चारही बाजूंनी ग्रॅनाइटची चौकट करण्याची हौस आहे. ती दिसते सुबक, पण दगड बसवणारा कारागीर पाणसळ लावून तो अगदी सपाट बसवतो, कारण त्याच्या धंद्यात सपाट म्हणजेच चांगले. खिडकीखालचा दगड सपाट नको. बाहेरच्या अंगाला उतार हवा, भिंतीच्या पुढे निदान इंचभर आलेला हवा आणि त्याच्या पोटाला, कडेपासून थोडे आत, एक खाच हवी. त्या खाचेपाशी पाण्याचा थेंब तुटून खाली पडतो. खाच नसेल तर तोच थेंब दगडाच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत परत जातो. छज्ज्याच्या खालच्या बाजूलाही हीच खाच लागते, आणि ती आहे की नाही हे रस्त्यावरून वर पाहिले तरी दिसते. रामबागेतल्या जुन्या घरांच्या छज्ज्यांना ती आहे. नव्या घरांत छज्जाच दोन-चार इंचांवर आला आहे, तेव्हा खाचेची चौकशी कुठे करणार!

आता सिलिकॉनविषयी. बाजारातली स्वस्त नळी वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. हे ॲसिड सोडत वाळणारे सिलिकॉन काचेवर उत्तम चिकटते, पण सिमेंटच्या क्षाराशी त्याचे जुळत नाही. गिलाव्यावरून ते काही काळाने दोरीसारखे सोलून निघते. चौकट आणि गिलावा यांच्या सांध्याला वास न येणारे, न्यूट्रल प्रकारचे सीलंट लागते. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही नळ्या मिळतात, आणि नेमकी कोणती हवी ते सांगितले नाही तर पहिलीच हातात पडते. चांगल्या नळीचाही उपयोग होतो तो फट कोरडी आणि धूळविरहित असेल, आत फोमची गोल दोरी दाबून बसवलेली असेल आणि सीलंट चौकटीला व भिंतीला, अशा दोनच बाजूंना चिकटलेले असेल तेव्हा. दोरी न घालता फट तळापर्यंत भरली तर सीलंट तळालाही चिकटते, आणि मग चौकट हलली की त्याला ताणायला जागा न उरल्याने ते फाटते. थराची जाडी साधारण फटीच्या रुंदीच्या निम्मी असावी. फवाऱ्याच्या डब्यातून येणारा पिवळा फोम ही पोकळी भरायची वस्तू आहे. पाणी अडवणे हे तिचे काम नाही, आणि उन्हात उघडी राहिली तर ती तांबूस होऊन भुगा होते. बाहेरच्या बाजूने असा उघडा फोम दिसला की काम अर्धे सोडले आहे, असे खुशाल समजावे.

जुन्या घराला नवे बांधकाम जोडताना आणखी एक गोष्ट येते, आणि माळव्यात तिच्याकडे काणाडोळा करून चालत नाही. आपली जमीन काळी आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभी असलेली जुनी भिंत आपले बसणे-उठणे केव्हाच उरकून स्थिर झालेली असते. नव्या खांबांचे आणि भिंतींचे बसणे तेव्हा नुकते सुरू होत असते. दोहोंच्या सांध्यावर ताण येतो आणि तो भिंतीतली सर्वांत दुबळी जागा शोधतो. ती जागा म्हणजे खिडकीचा कोपरा. कोपऱ्यापासून तिरकी निघालेली भेग पाहून लोक म्हणतात की खिडकी वाईट बसवली आहे. पुष्कळदा खिडकी निर्दोष असते आणि तिची जागा चुकलेली असते. जुन्या-नव्याच्या सांध्याला लागून खिडकी ठेवू नये, आणि लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंच्या भिंतीवर निदान सहा इंच टेकलेले असावे. ऋतूंबरोबर वागणूक बदलणारी खिडकी, म्हणजे मे महिन्यात अडकणारी आणि ऑगस्टमध्ये मोकळी सरकणारी, ॲल्युमिनियमची असेल आणि तिच्याभोवतीची फट मोकळी असेल तर संशय फॅब्रिकेटरवर न घेता पायाखालच्या मातीवर घ्यावा. अशा भेगेवर पेन्सिलीने दोन खुणा करून त्यांच्यातले अंतर दर महिन्याला मोजले, तर भेग वाढते आहे की श्वास घेते आहे, ते कळते.

छतातल्या झरोक्याची, म्हणजे ज्याला आता सगळे स्कायलाइट म्हणतात त्याची, परीक्षा खिडकीपेक्षा कठीण असते. भिंतीवरचे पाणी वाहून जाते. गच्चीवरचे पाणी थांबते. इंदुरात वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे काचेला उतार हवा, दहा अंशांचा म्हणजे मीटरला सतरा-अठरा सेंटिमीटरचा असेल तर पाण्याबरोबर धूळही निघून जाते. सपाट बसवलेल्या काचेवर पहिल्याच पावसानंतर गाळाची कड दिसते. काच लॅमिनेटेड हवी, म्हणजे दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा असलेली, जी फुटली तरी जागेवर राहते. नुसती टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच बारीक खड्यांच्या रूपात का होईना, पण डोक्यावरच येते. संक्रांतीला पतंगामागे पळणारी मुले गच्चीवर काय आहे ते पाहत नाहीत, म्हणून काच असो की पॉलिकार्बोनेट, खाली लोखंडी जाळी असल्याशिवाय मी कुणाला झरोका सुचवणार नाही.

पॉलिकार्बोनेट घेतले तर दोष ओळखण्याच्या खुणा निराळ्या. या पत्र्याच्या बहुधा एकाच बाजूला अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर असतो आणि ती बाजू वर ठेवायची असते. कारखान्याच्या पातळ प्लॅस्टिकवर तसे छापलेले असते, पण ते प्लॅस्टिक आधीच सोलून टाकले की बाजू ओळखता येत नाही आणि उलटा बसलेला पत्रा काही वर्षांत पिवळा व ठिसूळ होतो. पोकळ नळ्यांच्या पत्र्यात नळ्या उताराच्या दिशेने असाव्यात, वरची तोंडे पक्क्या पट्टीने बंद आणि खालची तोंडे हवा जाईल पण धूळ जाणार नाही अशा पट्टीने झाकलेली असावीत. नळ्यांत हिरवे शेवाळ दिसू लागले की ही पट्टी लावलेली नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. तीन मीटरचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने सात-आठ मिलिमीटर लांबतो, तेव्हा स्क्रूचे भोक स्क्रूपेक्षा मोठे हवे आणि वर रबराचा वॉशर हवा. वॉशर पिळून बशीसारखा झाला असेल तर स्क्रू अति आवळला आहे, आणि भेग तिथूनच सुरू होते.

उन्हाचाही विचार हवा. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते, म्हणजे इंदुरात जूनच्या आरंभी दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो आणि तोवर पाऊस आलेला नसतो. झरोक्याच्या बाजूंना गरम हवा निघून जायला जाळीची फट ठेवली नाही तर जिना भट्टी होतो. उलट जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला की स्वयंपाकघरातली वाफ थंड काचेला लागून थेंब टपकू लागतात आणि घरात "गळतंय, गळतंय" अशी ओरड होते. निरभ्र आकाशातून गळत नसते. थेंब काचेच्या पूर्ण पोटावर असतील आणि ऊन चढताच नाहीसे होत असतील, तर ती वाफ आहे. एकाच कोपऱ्यातून येत असतील आणि पावसानंतर काही तासांनी सुरू होत असतील, तर ती गळती आहे. हा उशीर फार बोलका असतो, कारण लगेच येणारे पाणी जवळच्या फटीतून येते आणि उशिरा येणारे पाणी गच्चीच्या कोब्यातून, म्हणजे स्लॅबवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थरातून, फिरून आलेले असते.

गळती शोधायला पाण्याचा पाइप पुरतो, पण तो खालून वर न्यावा लागतो. आधी फक्त झरोक्याभोवती उभारलेल्या कठड्याच्या पायाशी पाणी सोडायचे आणि बराच वेळ थांबायचे, मग कठड्यावर, मग चौकटीच्या खालच्या कडेला आणि सर्वांत शेवटी वरच्या कडेला. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी सगळीकडे लागते आणि काहीच सिद्ध होत नाही. फॅब्रिकेटर नेहमी वरूनच सुरुवात करतो. खिडकीचीही तपासणी याच क्रमाने करावी, आणि दोन्हीची पावसाळ्याआधी, मे महिन्यात, जेव्हा कारागीर उपलब्ध असतात आणि शेवटचा हप्ता अजून आपल्या खिशात असतो.

यात जे दोष सापडतात ते एका तोलाचे नसतात. चुकीचे सिलिकॉन खरवडून काढता येते. निचऱ्याची भोके ड्रिलने दहा मिनिटांत उघडतात. सिलच्या दगडाचा उतार उलटा असेल तर दगड काढावा लागतो, आवाज होतो, धूळ होते, पण एका दिवसात निभावते. झरोक्याचा कठडा बुटका असेल तर मात्र मलमपट्टी चालत नाही. तयार गच्चीपासून तो निदान दीडशे मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, वर हवा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग त्याच्या अंगावर वरपर्यंत चढलेले हवे आणि झाकणाची कड त्याच्या बाहेर येऊन खाली वळलेली हवी. आमच्या गवंड्याने सहा इंच बरोबर मोजले होते, पण उघड्या स्लॅबपासून. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा पडला, त्यावर चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी, आले, आणि उरले ते दीड-दोन इंच. गच्चीची मोरी बुजवून भाऊजींनी रात्रभर पाणी उभे केले; सकाळी जिन्याच्या भिंतीवर चौकटीच्या आकाराची ओल उमटली होती. गवंडी म्हणाला की सहा इंच ठरले होते आणि सहा इंच दिले. फॅब्रिकेटर म्हणाला की त्याने मिळालेल्या कठड्यावर चौकट बसवली. दोघेही शब्दशः खरे बोलत होते. भाऊजींनी कागद मागवला आणि दोघांच्या सह्यांसाठी तीन ओळी लिहिल्या: उंची तयार फरशीपासून मोजायची; चौकट उतरवून परत बसवण्याची मजुरी घरमालक देईल, विटा आणि माल गवंडी देईल; भिंत आणि चौकट यांच्यामधली फट, घरातल्या सगळ्या खिडक्यांसह, फॅब्रिकेटरची. फॅब्रिकेटरने तिसऱ्या ओळीवर बराच वेळ घासाघीस केली, प्रत्येक खिडकीमागे न्यूट्रल सीलंटचे आणि फोमच्या दोरीचे वेगळे पैसे मागितले आणि ते मिळाल्यावर सही केली.